ज्येष्ठांचे वर्ग घेताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक आधी: शिकणाऱ्याच्या हातातून फोन काढून घेणे. ‘द्या इकडे, मी करून देतो’ हे वाक्य ज्या वर्गात वरचेवर ऐकू येते, तिथे कोणी काही शिकत नसते.

नेहमी घडणारा प्रसंग पाहा. फोटो पाठवायला शिकवण्याचा तास, पंधरा जण, मदतीला दोन उत्साही तरुण. कुणी अडले की मदतनीस फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो, फोटो जातो. तास संपेपर्यंत पंधराही फोटो पोचलेले, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात तेच काम मदतीशिवाय करायला सांगितले, तर दोघा-तिघांनाच जमते. बाकीचे म्हणतात, ‘आता वय झालं, डोक्यात राहत नाही.’ गळती इथून सुरू होते. यात वयाचा दोष नाही. तो फोटो त्यांनी स्वतः पाठवलेलाच नव्हता.

म्हणून मदतनिसाचे हात पाठीमागे. तोंडाने सांगायचे, फार तर बंद पेनाने जागा दाखवायची. एका तासात एकच काम, पण तीनदा: एकदा पायऱ्या बघत, एकदा वही मिटून आणि एकदा मध्ये दुसरे काही झाल्यावर, तास संपताना. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटेही वही न उघडता त्याच कामाला द्यावीत. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून केलेले जास्त टिकते. ‘असं केलं तर अभ्यासक्रम पुरा होणार नाही’ अशी तक्रार नवे शिक्षक करतात. नाही झाला तरी चालेल. चार जणांमागे एक मदतनीस नसेल, तर प्रवेशच कमी द्यावेत.

बऱ्याचदा अडचण समजण्याची नसून बोटाची असते. बोट स्क्रीनवर जरा जास्त टेकले की फोन ते दाबून धरल्याचे समजतो आणि भलताच मेन्यू उघडतो. अँड्रॉइड फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘टच अँड होल्ड’चा वेळ वाढवता येतो. स्क्रीन बंद होण्याची वेळही पाच मिनिटांवर न्यावी. ही दोन कामे पहिल्या तासालाच करून घ्यावीत, अर्थात शिकणाऱ्याच्याच हाताने.

दुसरी चूक ओरडून बोलण्याची. वयानुसार ऐकू कमी येते तेव्हा साधारणपणे आधी उंच पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्यातच येतात. स्वर नीट ऐकू येतात. म्हणूनच लोक म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात, वर रागावल्यासारखे वाटते ते वेगळेच. त्यापेक्षा थोडे सावकाश बोला आणि चेहऱ्यावर उजेड राहील असे उभे राहा. खिडकीकडे पाठ केली की ओठ दिसत नाहीत, फळ्याकडे तोंड केले की आवाजही जातो. घरघरणारा पंखा बंद करा. वीस जणांच्या खोलीतही कॉलर माईक लावा. ‘माझा आवाज खणखणीत आहे’ हे कारण आम्हाला मान्य नाही. मागून कुणी प्रश्न विचारला, तर उत्तराआधी तो माईकवर पुन्हा सांगा.

छापील टिपणे १६ ते १८ पॉइंटमध्ये, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत. निळा आणि जांभळा रंग शेजारी-शेजारी नको. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि त्या छटांमधला फरक पुसट दिसतो.

पाऊण तासाने पंधरा मिनिटांची सुट्टी द्या. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवे.

‘अहो, सोप्पं आहे’ म्हणू नका. ज्याला जमत नाही, त्याला ते ऐकून प्रश्न विचारायची लाज वाटते.

शेवटची चूक नियोजनातली: वर्गातल्यांना नुसते श्रोते समजणे. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात ज्येष्ठांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले, ते विद्यापीठाच्याच आधाराने. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये याच नावाखाली सभासदांनी एकमेकांना शिकवायला सुरुवात केली. तिथे परीक्षा नाही, पदवी नाही. वर्गात निवृत्त लेखापाल, परिचारिका, सुतार बसलेले असतात. प्रवेशअर्जात ‘काय शिकायचे आहे?’ याच्या खाली ‘काय शिकवू शकाल?’ हा रकाना ठेवा, आणि महिन्यातला एक तास त्या उत्तरांसाठी राखून ठेवा.