नट आवळण्याआधी: लाँगबोर्डचे ट्रक आणि बुशिंग बसवायची तयारी

लाँगबोर्ड म्हणजे लांब स्केटबोर्ड, आणि त्याच्या ट्रक-बुशिंगच्या खरेदीच्या आधी दोन आकडे कागदावर उतरवा. पहिला, हेल्मेट, पॅड आणि बुटांसकट तुमचं वजन. दुसरा, डेकची (उभं राहायच्या फळीची) रुंदी, पण मधली नाही, ट्रक, म्हणजे चाकं धरणारे धातूचे सांगाडे, जिथे बसतात तिथली. कित्येक डेक मध्ये रुंद आणि टोकांना निमुळते असतात, आणि मधलं माप धरून ट्रक मागवले की चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. मग पायाने ढकलताना टाच चाकाला लागते. रुंदीवरून हँगर (चाकांचा ॲक्सल धरणारा ट्रकचा आडवा भाग) ठरतो, वजनावरून बुशिंग (ट्रकमधलं रबरासारखं कडं). रंग, चकाकी आणि मित्रांचे सल्ले यांना त्यानंतर जागा.

लाँगबोर्डला बहुधा रिव्हर्स किंगपिन ट्रक लावतात, ज्यांची किंगपिन (ट्रकचे भाग एकत्र धरणारा मोठा बोल्ट) बोर्डच्या बाहेरच्या बाजूला, नाक-शेपटीकडे झुकलेली असते. स्केटपार्कातल्या बोर्डांचे पारंपरिक ट्रक बुटके आणि चपळ असतात, लहान क्रूझरला ते शोभतात. लांब वळणं घ्यायची असतील, उतारावर वेग धरायचा असेल, तर रिव्हर्सच घ्या. हँगर साधारणपणे १५० किंवा १८० मिमीचा मिळतो. नऊ इंचांच्या आतल्या डेकला १५०, नऊ ते दहा इंचांच्या डेकला १८०. ॲक्सलचं टोक डेकच्या कडेपासून पाव इंच आतबाहेर असलं तरी चालतं.

बेसप्लेटचा, म्हणजे ट्रकच्या डेकला जखडलेल्या भागाचा, कोन हा सहसा दुर्लक्षित राहणारा भाग. ५० अंश हा नेहमीचा, ४२ ते ४५ त्याहून शांत. कोन जितका मोठा, तितकं त्याच झुकण्यात चाक जास्त वळतं. म्हणून फिरण्यासाठी ५० आणि उतारासाठी कमी अंश, हा ढोबळ नियम. पुढे ५० आणि मागे ४२ किंवा ४४ अशी जोडीही लावतात. त्यात वळण पुढच्या ट्रकने सुरू होतं आणि मागचा निमूटपणे मागे येतो. जोडी उलटी लागली तर बोर्ड मागून वळू लागतो, आणि वेगात शेपटी हलायला लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. बसवण्याआधी दोन्ही बेसप्लेटवर पेनने ‘पुढे’, ‘मागे’ लिहून टाका.

हार्डवेअर पटकन उरकू. बेसप्लेटवर सहा छिद्रं असतील तर ती डेकच्या जुन्या आणि नव्या दोन्ही मापांना बसते. चारच असतील तर आधी मापून घ्या. रायझर (डेक आणि ट्रकमधली उंची वाढवणारी चकती) नसेल तर एक इंची बोल्ट, १/८ इंची रायझरला सव्वा इंची, त्याहून जाडाला दीड इंची. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. त्याहून जास्त उरले तर ते कपडे फाडतात, कमी उरले तर नटातल्या नायलॉनच्या कड्याला पकड मिळत नाही. ड्रॉप-थ्रू डेक असेल तर हँगर काढूनच ट्रक आरपार घालावा लागतो, म्हणजे किंगपिनचा नट उघडणं तिथे टळत नाही.

पाने इंची मापाचे लागतात, आणि हे घरी बसून कळणं बरं. किंगपिनच्या नटाला ९/१६ इंची पाना. मिलिमीटरमधला १४ चा त्यावर चढत नाही आणि १५ चा बसतो, पण नटाचे कोपरे खातो. ॲक्सलच्या नटाला अर्धा इंची, तिथे १३ चा चालून जातो. बोल्टच्या नटाला ३/८ इंची.

आता बुशिंग, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक ट्रकमध्ये दोन असतात, एक डेककडचं, एक रस्त्याकडचं. कडकपणा ‘ए’ मोजपट्टीवर असतो, आकडा मोठा तितकं बुशिंग कडक. ५० किलोच्या आत असाल तर ७८ए ते ८१ए, ५० ते ६५ किलोला ८१ए ते ८५ए, ६५ ते ८० ला ८५ए ते ८८ए, ८० ते ९५ ला ८८ए ते ९१ए, त्याहून जड असाल तर ९० च्या पुढे. हे रमतगमत फिरण्यासाठी. उतारासाठी एक पायरी कडक धरा. हे आकडे सुरुवातीपुरतेच: एकच आकडा असलेली दोन युरेथेनं (बुशिंगचं रबरासारखं प्लॅस्टिक) हाताला वेगळी लागतात, एक चेंडूसारखं उसळतं, दुसरं दाबून सावकाश उठतं. ट्रकसोबत आलेली बुशिंग मधल्या कुठल्यातरी वजनासाठी बनलेली असतात, त्यामुळे हलक्या माणसाला ती लाकडासारखी आणि जड माणसाला लोण्यासारखी लागणं स्वाभाविक आहे. महाग ट्रक बदलण्याआधी बुशिंग बदलून पाहा.

आकार दोन लक्षात ठेवले तरी पुरे. बॅरल म्हणजे सरळ नळकांडं: झुकताना सारखा विरोध करतं, मधोमध परत आणतं. कोन म्हणजे शंकूसारखं, एका टोकाला निमुळतं: मोकळं झुकू देतं. दोन्हीकडे बॅरल लावली की बोर्ड स्थिर राहतो. डेककडे बॅरल आणि रस्त्याकडे कोन लावलं की वळणं खोल जातात. कोनचं रुंद टोक हँगरकडे, निमुळतं नटाकडे. डेककडचं बुशिंग ट्रकवर जास्त सत्ता गाजवतं, म्हणून कडकपणा वेगवेगळा ठेवायचा असेल तर कडक तिथे ठेवा, रस्त्याकडचं दोन-तीन अंक मऊ. उंचीसुद्धा मोजा. रिव्हर्स ट्रकात ती बहुधा ०.६ इंच, म्हणजे साधारण १५ मिमी असते, पण अपवाद आहेत. उंची चुकली की हँगरचा पिव्हट (टोकाचा खुंटा) बेसप्लेटमधल्या पिव्हट कपात नीट टेकत नाही आणि ट्रक एका बाजूला तिरपा बसतो.

वॉशर फुकट मिळतात म्हणून त्यांना कमी लेखू नका. वाटीसारखा वॉशर बुशिंगची कड धरून ठेवतो, त्यामुळे झुकणं आवरतं आणि परतीचा जोर वाढतो. सपाट वॉशर तिला फुगायला मोकळं सोडतो. बुशिंग तेच ठेवून फक्त वॉशर बदलला तरी फरक पायाला कळतो. बुशिंगपेक्षा लहान वॉशर मात्र नको, तो युरेथेनमध्ये रुततो आणि गोल चीर पाडतो.

जोडणीचा क्रम असा: बेसप्लेट, किंगपिन, वॉशर, डेककडचं बुशिंग, हँगर, रस्त्याकडचं बुशिंग, वॉशर, नट. आधी पिव्हट कप बाहेर काढून पुसा. आत वाळूचा एक कण राहिला तरी वळणावर करकर ऐकू येते. कोरडा कप कुरकुरत असेल तर साबणाचा किस किंवा थोडं मेण घाला, गंज काढायचे स्प्रे नकोत. कप एका बाजूने झिजून अंडाकृती झाला असेल तर तो बदलाच. पिव्हट खिळखिळा असताना कितीही चांगलं बुशिंग घाला, बोर्ड सरळ जाणार नाही.

नट फक्त बारीक जुळवणीसाठी आहे, बुशिंगचा कडकपणा ठरवायला नाही. हाताने फिरेल तितका फिरवा, पुढे पान्याने वॉशर टेकेपर्यंत आणा. मग आणखी अर्धा फेरा. वॉशर बोटांनी फिरेनासा झाला की थांबा. इथून एक फेरा ही ढोबळ मर्यादा. त्यानंतरही ट्रक सैल वाटत असेल तर आकडा वाढवा, कारण पुढे आवळलं की बुशिंग मधून पिंपासारखं फुगतं, झुकण्याची वाट बंद होते आणि आतली कड चिरते. उलट, नट इतका सैल करावा लागत असेल की नायलॉनमध्ये आटा शिरतच नाही, तर बुशिंग तुमच्यासाठी कडक आहे. तसा सैल नट चालताना गळून पडतो.

बाहेर पडण्याआधी चाक डेकला लागतं का ते तपासा. डेकच्या तळाला, चारही चाकांच्या बरोबर वर, खडूचा जाड पट्टा ओढा. गवतावर किंवा सतरंजीवर बोर्ड ठेवून त्यावर चढा, भिंतीचा आधार घ्या आणि एका कडेवर पूर्ण वजन टाका, मग दुसऱ्या. उतरून चाकं पाहा. चाकावर पांढरा डाग दिसला तर रस्त्यावर तेच चाक डेकला घासून जागीच थांबेल आणि तुम्ही पुढे उडाल. पाव इंची रायझर, थोडं कडक बुशिंग किंवा लहान चाक, यांपैकी एक उपाय करा आणि खडू पुन्हा ओढा. डेकच्या वर बसवलेल्या ट्रकांवर ७० मिमीची चाकं असतील तर पाव इंची रायझर बहुतेकदा लागतोच.

दिशाही तपासा. डावीकडे झुकल्यावर बोर्ड डावीकडे गेला पाहिजे. दोन्ही ट्रक उलटे बसले तर तो उजवीकडे जातो. एकच उलटा असेल तर वळत नाही, खेकड्यासारखा तिरका सरकतो.

पहिली फेरी सपाट, रिकाम्या रस्त्यावर आणि सोबत पाना ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदला: बुशिंग, वॉशर आणि बेसप्लेटचा कोन एकदम बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. वेगात शेपटी हलू लागली तर तोल पुढच्या पायावर न्या, गुडघे वाकवा, मागे रेलू नका. घरी आल्यावर मागचं बुशिंग दोन-तीन अंक कडक करा, पुढचं तसंच ठेवा. नवं बुशिंग दोन-तीन फेऱ्यांत बसतं आणि नट थोडा सैल वाटू लागतो. तेव्हा पाव फेरा द्या. थंडीत युरेथेन कडक होतं, कडक उन्हात मऊ पडतं, म्हणून सकाळी सात वाजता केलेली जुळवणी दुपारच्या उतारासाठी तशीच धरू नका. पान्याशिवाय हाताने फिरू लागलेला नायलॉनचा नट फेकून नवा लावा, तो जपून ठेवायची वस्तू नाही.