कोल्हापुरात राहून चेलो शिकताना

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले, गजाने वाजवायचे मोठे पाश्चात्त्य वाद्य. त्याच्या पट्टीवर पडदे नसतात, त्यामुळे प्रत्येक स्वर बोटाने आणि कानाने शोधावा लागतो. म्हणूनच देवल क्लब या संगीतसंस्थेच्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीच्या या शहरात ज्या मुलाचा कान आधीच गाण्याने तयार झाला आहे, त्याच्यापाशी चेलोसाठी मोठी शिदोरी असते.

चेलो पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतो. मूल वाढेल म्हणून मोठे माप घेऊ नये, कारण ताणलेल्या बोटांना लागलेले चुकीचे वळण पुढे सहजी सुटत नाही.

पहिले वर्ष केवळ ऑनलाइन शिकू नये, असे माझे ठाम मत आहे. गज धरताना अंगठा किंचित वाकलेला हवा, बाकीची बोटे त्यावर सैल विसावलेली हवीत आणि तारेवरचा भार मनगटाने न दाबता दंडातून उतरायला हवा. खांदा आखडला आहे का, हे पडद्यावर नीट दिसत नाही, ते शिक्षकाने हात लावूनच पाहावे लागते. कोल्हापुरात चेलोचा शिक्षक मिळत नसेल, तर त्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठून महिन्यातून एकदोनदा प्रत्यक्ष शिकवणी घ्यावी आणि मधल्या आठवड्यांत व्हिडिओवर धडे घ्यावेत.

चेलोच्या तारा खालच्या स्वराकडून वर, पाश्चात्त्य स्वरनावांनी सी, जी, डी, ए अशा असतात आणि लगतच्या दोन तारांत सा-पचे अंतर असते. रियाजाला तंबोऱ्याचे ॲप डी स्वरात लावून, एकेका स्वराला पूर्ण गज देत सप्तक संथपणे वाजवावे. मात्र तंबोऱ्यावर गोड लागणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरता असतो, म्हणून पियानोच्या साथीनेही वाजवण्याची सवय लवकर लावावी. स्टाफ नोटेशनचे, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचे वाचन आणि दुसऱ्याचे ऐकत वाजवणे या दोन गोष्टी आपल्याकडे सर्वांत उशिरा येतात.

पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या घट्ट बसतात; त्या जोराने पिळू नयेत. तारा बदलताना सर्व एकदम काढू नयेत, कारण आतला ध्वनिस्तंभ, म्हणजे लाकडाची छोटी दांडी, केवळ ताणावर उभा असतो आणि तो पडला की बसवण्यासाठी चेलोचा जाणकार कारागीरच लागतो. जवळच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याचे नामांकित कारागीर असले, तरी हे काम वेगळे आहे.

पुढचा टप्पा एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षामंडळांच्या ग्रेड परीक्षांचा आहे, परंतु ग्रेड म्हणजे करिअर नव्हे. संगीत महाविद्यालयांच्या ऑडिशनसाठी सामान्यतः संगीतकार बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइटांपैकी (नृत्यरचनांच्या मालिकांपैकी) काही भाग आणि एखादी कंचेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, मागतात. संगीतकार हायडनची सी मेजर कंचेर्टो, जिची हरवलेली प्रत 1961 मध्ये प्रागमध्ये सापडली, नेहमी वाजवली जाते. तंत्रासाठी चेलोवादक पॉपरचे चाळीस एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, आहेत, पण ते शिक्षकाने सांगितल्यावरच हाती घ्यावेत.

भारतात पूर्णवेळ वाद्यवृंद फारच थोडे आहेत. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यामुळे ध्वनिमुद्रण, अध्यापन आणि लहान वाद्यसमूह यांची तयारी पहिल्यापासून ठेवावी. चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी चेलोत बदल करून त्यावर राग वाजवले आहेत, तीही एक वाट आहे. ब्रिटनच्या संगीत महाविद्यालयांत जायचे असेल, तर त्यांच्या अर्जांची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. तेव्हा दहावी होताच पालकांनी शिक्षकांसोबत बसून रचनांची यादी आणि खर्चाचा अंदाज लिहून काढावा.