प्री-सीझनच्या सामन्यांत काय टिपावे आणि काय सोडून द्यावे

जुलै उजाडला की इंग्लिश प्रीमियर लीगमधील क्लब आशिया-अमेरिकेच्या दौऱ्यांवर निघतात आणि फुटबॉलविना जून काढलेले आपण चाहते मोसमापूर्वीच्या (प्री-सीझन) पहिल्याच सराव सामन्यावरून अख्ख्या मोसमाचे भाकीत करून मोकळे होतो. या सामन्यांतून खरोखर काही समजून घ्यायचे असेल, तर ते पाहण्याची रीत निराळी ठेवावी लागते. ती समजावण्यासाठी २०२२ च्या उन्हाळ्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

१२ जुलै २०२२ रोजी बँकॉकमध्ये मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० असे हरवले. नवे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा हा पहिलाच सामना असल्याने युनायटेडच्या चाहत्यांना आकाश ठेंगणे झाले. अशा वेळी निकाल बाजूला ठेवून एका कागदावर कोणता खेळाडू कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत मैदानात होता, एवढेच लिहून काढावे. त्या दिवशी लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी सामन्याचे तीन भाग पाडून तीन वेगवेगळे संघ खेळवले होते, आणि युनायटेडचे पहिले तीन गोल साधारण अर्ध्या तासाच्या आतच झाले होते. हे दोन तपशील शेजारी-शेजारी मांडले की विजयाचे वजन आपोआप कमी होते.

त्यानंतर पाहायचे ते गोलरक्षकाकडे. संघ नव्या पद्धतीने खेळू पाहत असेल, तर गोल-किकच्या (गोलसमोरून चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या) वेळी चेंडू लांब मारला जातो की जवळच्या सहकाऱ्याकडे दिला जातो, हे तपासावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या क्षणी प्रतिस्पर्धी आघाडीपटू खरोखर अंगावर धावून येत आहेत का, हे पाहावे. जुलैमध्ये पाय जड असल्याने ते बहुधा येत नाहीत, त्यामुळे मागून बांधलेला खेळ आहे त्यापेक्षा सुबक भासतो. १३ ऑगस्टला ब्रेंटफर्डच्या मैदानावर मात्र युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे हेआने पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी सहकारी ख्रिस्तियन एरिक्सनला आखूड पास दिला, ब्रेंटफर्डच्या मथियस येन्सनने तो चेंडू हिसकावून घेतला आणि गोल केला. पस्तीस मिनिटांत युनायटेड ४-० असे मागे पडले होते. त्याआधीच्या रविवारी ब्रायटनने त्यांना २-१ असे हरवले होते आणि दौऱ्यात आघाडी सांभाळणारा अँथनी मार्सियाल दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हताच. म्हणून कागदावर आणखी एक रकाना ठेवावा : या आघाडीपटूला काही झाले, तर त्याच्या जागी कोण? (याच युनायटेडने पुढे मोसम तिसऱ्या क्रमांकावर संपवला, तेव्हा ऑगस्टमधले भाकीतही बेताचेच ठरले.)

याचा अर्थ सगळेच सराव सामने फसवे असतात असा नव्हे. २३ जुलैला ऑर्लँडोमध्ये आर्सेनलने चेल्सीला ४-० असेच हरवले. पण तिथे चेल्सीचे प्रशिक्षक थॉमस टुखेल यांनी सामन्यानंतर आपल्याच संघाविषयीची काळजी उघडपणे बोलून दाखवली. ‘अजून तयारी बाकी आहे’ हे प्रशिक्षकांचे ठेवणीतले वाक्य असते. ते सोडून एखादा प्रशिक्षक स्वतःच्या संघावर जाहीर टीका करू लागला, तर कान टवकारावेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टुखेल यांना पद सोडावे लागले, चेल्सी बाराव्या क्रमांकावर राहिली आणि आर्सेनल दुसऱ्या.

एकेका खेळाडूविषयीच्या मतांना तर थाराच देऊ नये. लिव्हरपूलच्या दार्विन नुन्येसने लाइपझिगविरुद्धच्या सराव सामन्यात चार गोल केले, पण लीगच्या संपूर्ण मोसमात त्याच्या नावावर नऊच लागले. उलट, ३० जुलैच्या कम्युनिटी शील्डमध्ये (मोसमाच्या तोंडावरचा एकाच सामन्याचा चषक) अगदी जवळून चेंडू आडव्या खांबावर मारणाऱ्या मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल झाली आणि त्याने त्या मोसमात लीगमध्ये विक्रमी ३६ गोल केले.

अमेरिकेतले सामने आपल्याकडे भल्या पहाटे येतात, त्यामुळे अनेक जण नंतर क्षणचित्रांवर भागवतात. त्यांत फक्त गोल दिसतात, म्हणजे नेमके तेच, ज्याकडे जुलैमध्ये दुर्लक्ष करायचे असते. वेळ थोडा असेल, तर रेकॉर्डिंगमधून पहिली तीस मिनिटे सलग पाहावीत. सगळे ताजेतवाने असताना आणि बदली खेळाडूंचा गोंधळ सुरू होण्यापूर्वी चेंडू गमावल्यावर संघ पुढे धावतो की मागे हटतो, हे तेवढ्यात कळते.