पंपाच्या टाकीतून गळलेलं इंधन : माती आणि विहीर साफ कशी करायची

पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीवर तवंग दिसला, तर आधी काडीने तो मोडून बघा. लोहाच्या जिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. पेट्रोल-डिझेलचा तवंग फाटून लगेच पुन्हा जुळतो. तसं झालं की ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं त्याच दिवशी बंद करा. उकळूही नका, वाफ घरात भरते. विहिरीत कुणी उतरायचं नाही, साधी मोटर लावायची नाही. हवेत पेट्रोलची वाफ जेमतेम दीड टक्का असली तरी एक ठिणगी पुरते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि तेल कंपनीला लगेच लेखी कळवा. मग गळती शोधा. रोजची डिप, म्हणजे काठी बुडवून मोजलेला टाकीतला साठा, आणि विक्री यांचा ताळा मांडा. दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने थंड झालं तरी दहा-बारा लिटर आकसतं, त्यामुळे फरक कधी वर, कधी खाली असणारच. तो सतत एकाच बाजूला जात असेल तर गळती धरून चाला. टाकीइतकीच पाइपलाइनचीही दाबचाचणी करा, कारण पुष्कळदा टाकी शाबूत असते आणि जोड गळत असतो.

पाणी कुठे वाहतंय हे कळायला त्रिकोणात किमान तीन निरीक्षण बोअर लागतात. बोअरमधल्या पाइपच्या चिरा पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वरून सुरू होऊन मेमधल्या पातळीच्या खालपर्यंत हव्यात, नाहीतर तरंगणारं पेट्रोल पाइपात शिरणारच नाही. दख्खनच्या बसाल्टमध्ये पाणी भेगांतून चालतं. जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची खराब, असंही होतं.

वजन लावलेल्या स्टीलच्या टेपला वॉटर पेस्ट, म्हणजे पाणी लागताच रंग बदलणारा लेप, लावून ती बोअरच्या पाइपात सोडा. पेस्टचा रंग बदलतो तिथे पाणी सुरू होतं, त्यावरचा ओला भाग म्हणजे इंधन. पाइपात २० सेंमी दिसलं म्हणून जमिनीत तेवढाच थर आहे असं धरू नका. तो बहुधा बराच पातळ असतो.

हे तरंगणारं इंधन आधी काढायचं, ज्वालारोधक स्किमर पंपाने, म्हणजे फक्त वरचा थर ओढणाऱ्या पंपाने, हळूहळू. घाईत जोराने पाणी उपसलं की पातळी खाली जाते, तिच्यामागे इंधनही उतरतं आणि कोरा मुरूम माखतो. सर्वांत मोठी फसगत पावसाळ्यात होते. पाणी चढतं, इंधन मुरमात पाण्याखाली अडकतं, पाइपात थर दिसेनासा होतो. साफ झालं समजून काम थांबवतात आणि एप्रिलमध्ये तोच थर परत येतो.

मुरमातलं पेट्रोल हवा खेचून वाफेवाटे काढता येतं. ती वाफ सक्रिय कार्बनमधून, म्हणजे वाफ शोषून घेणाऱ्या कोळशातून, जाऊ द्या. काळ्या मातीतून हवा जात नाही, तिथे हे यंत्र लावणं म्हणजे वीज वाया. ती माती खणून तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवा. डिझेलची मुरमाड माती मंडळाच्या परवानगीने प्लास्टिकवर ढीग करून जिवाणूंकडून साफ होते : मातीत कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण १००:१०:१, आणि ओल इतकीच की मुठीत गोळा व्हावा पण पाणी निथळू नये.

पाण्यात विरघळलेलं बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं कर्करोगकारक रसायन, सर्वांत चिवट. एक टक्का बेंझिन असलेलं एक लिटर पेट्रोल आठ लाख लिटरांहून अधिक पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नेऊ शकतं. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जिवाणू आधी खातात, ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन पुढे सरकत राहतं. म्हणून भूजलात हवा किंवा ऑक्सिजन सोडावा लागतो, पण तरंगणारा थर निघाल्यावरच.

पाण्याची तपासणी किमान वर्षभर, दर तीन महिन्यांनी करा. मे आणि सप्टेंबर चुकवू नका. नमुना ४० मिलीच्या काचेच्या कुपीत, आम्ल घालून, काठोकाठ भरा आणि बर्फात पाठवा. झाकण लावल्यावर कुपी उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा वर आला तर बेंझिन त्यात निसटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. नवी कुपी घेऊन पुन्हा भरा.