डायनॅमो शिकताना या चुका टाळा: नोडआधी लिस्ट पाहा

रेव्हिट या इमारतींची मॉडेल्स बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी डायनॅमो, म्हणजे ठोकळे वायरींनी जोडून प्रोग्रॅम तयार करण्याचे साधन, शिकू लागल्यावर असे वाटते की, नेमका नोड (ठोकळा) सापडला म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात नोड बरोबर असतो, वायरही बरोबर जोडलेली असते आणि तरीही उत्तर चुकते, कारण आत जाणाऱ्या लिस्टची रचना आपण पाहिलेलीच नसते. माझ्या मते नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो.

समजा, तीन मजल्यांवर प्रत्येकी ८ असे २४ दरवाजे आहेत आणि त्यांच्या ‘मार्क’ पॅरामीटरमध्ये, म्हणजे ओळखक्रमांकाच्या रकान्यात, डी-१ ते डी-२४ हे क्रमांक भरायचे आहेत. दरवाजे मजल्यानुसार गटांत लावले असतील, तर ती तीन उपलिस्टांची लिस्ट होते. क्रमांकांची लिस्ट मात्र सपाट, म्हणजे उपलिस्टा नसलेली असते. दोन्ही तशाच ‘एलिमेंट.सेटपॅरामीटरबायनेम’ या पॅरामीटरमध्ये मूल्य लिहिणाऱ्या नोडला जोडल्या, तर पहिल्या गटातील आठही दरवाजांना डी-१, दुसऱ्यातील सगळ्यांना डी-२ आणि तिसऱ्यातील सगळ्यांना डी-३ मिळतो, तर उरलेले २१ क्रमांक मुकाट्याने गळतात. नोड पिवळा होऊन चूक दाखवत नाही. रेव्हिट एकच मार्क अनेकांना दिल्याचा इशारा देतो, पण घाईत तो वाचलाच जात नाही.

यावर उपाय म्हणजे दरवाजांची लिस्ट उपलिस्टा मोडून सपाट करणाऱ्या ‘लिस्ट.फ्लॅटन’मधून न्यावी आणि दोन्ही लिस्टमध्ये २४ नगच आहेत ना, हे आतली माहिती दाखवणाऱ्या ‘वॉच’ नोडमध्ये पाहूनच पुढची वायर जोडावी. उत्तर जुळत नाही म्हणून लेसिंग, म्हणजे दोन लिस्टमधील नगांच्या जोड्या लावण्याची पद्धत, ‘क्रॉस प्रॉडक्ट’ (प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी) करून पाहू नये. तसे केल्यास प्रत्येक दरवाजावर २४ वेळा, म्हणजे एकूण ५७६ वेळा लिहिले जाते आणि शेवटी सगळेच दरवाजे डी-२४ होतात.

मॉडेलमध्ये बदल करणारा ग्राफ, म्हणजे नोड-वायरींची पूर्ण जोडणी, ‘ऑटोमॅटिक’ रनवर कधीही ठेवू नये, कारण अर्धवट तयार झालेला ग्राफसुद्धा लगेच मॉडेलमध्ये लिहून मोकळा होतो. रन ‘मॅन्युअल’ ठेवावा, लिहिणारा शेवटचा नोड ‘फ्रीझ’ करावा (तात्पुरता थांबवावा) आणि सराव फाइलच्या प्रतीवर करावा.

‘मी दुसऱ्या रेषा दिल्या, तर आधीच्या भिंती नाहीशा झाल्या’ अशीही तक्रार असते. हा बिघाड नाही. डायनॅमो स्वतः तयार केलेले घटक लक्षात ठेवतो आणि पुढच्या रनला नवे न बनवता तेच बदलतो. आधीच्या भिंती ठेवायच्या असतील, तर नव्या रेषांसाठी भिंतींचा नवा नोड घ्यावा.

पायथन भाषेत कोड लिहिण्याच्या पायथन नोडमध्ये मात्र एककांची चूक होते. कोडमधून रेव्हिट चालवण्याची सोय, म्हणजे रेव्हिटचे एपीआय, लांबी फुटांत मोजते, त्यामुळे मिलिमीटर समजून ३००० लिहिले, तर मजल्याची उंची ९१४.४ मीटर होते. संख्या आधी ३०४.८ने भागावी.