अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पिस्तूल कायदेशीरपणे कसे न्यावे

अमेरिकेत कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याचा परवाना राज्य सरकार देते, आणि शेजारच्या राज्याने तो मानलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नाही. गाडी चालवण्याचा परवाना जसा पन्नासही राज्यांत चालतो, तसे इथे होत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला खरा, परंतु राज्यांनी एकमेकांचे परवाने स्वीकारावेत असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही.

उदाहरणादाखल एकच प्रवास घेऊ. फिलाडेल्फियातले एक कुटुंब ऑक्टोबरात पानांचे रंग पाहायला मोटारीने व्हरमाँटला निघाले आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात आहे, आणि व्हरमाँटमध्ये तर परवाना लागतच नाही. अडचण आहे ती मधल्या न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या दोन राज्यांची, कारण ती दोन्ही पेनसिल्व्हेनियाचा परवाना मानत नाहीत.

सर्वांत आधी स्वतःची कागदपत्रे तपासावीत, आणि आपल्या मराठी मंडळींनी तर ती दोनदा तपासावीत. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवण्याचीच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर पिस्तूल घेऊन फिरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक बाळगता येते. मात्र शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते.

त्यानंतर मार्ग कागदावर मांडून प्रत्येक राज्यासाठी वेगळी नोंद करावी: आपला परवाना तिथे चालतो का, मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात बसवायच्या गोळ्यांच्या कप्प्यात, किती गोळ्यांची मुभा आहे, आणि पोलिसांनी थांबवल्यास शस्त्र असल्याचे आपणहून सांगावे लागते का. ही माहिती त्या त्या राज्याच्या पोलिसांच्या किंवा अॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावरून निघण्याच्या आदल्या आठवड्यात घ्यावी; मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेले धरून चालू नये. मिशिगनसारखी काही राज्ये परवानाधारक ज्या राज्यात राहतो त्याच राज्याचा परवाना मानतात, त्यामुळे अनेकांनी घेऊन ठेवलेला युटाचा अनिवासी परवाना तिथे कामाचा नाही. मॅगझिनची बाब तर फारच फसवी आहे. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये मर्यादा १० गोळ्यांची आहे, आणि मोकळेढाकळे समजले जाणारे व्हरमाँटसुद्धा २०१८ पासून हँडगनला १५ पर्यंतच परवानगी देते. ग्लॉक १७ या पिस्तुलासोबत मिळणारे नेहमीचे मॅगझिन १७ गोळ्यांचे असते. अशा प्रवासासाठी १० गोळ्यांचे वेगळे मॅगझिन विकत घेणे हाच सोपा मार्ग आहे. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या, म्हणजे होलो पॉइंट गोळ्यांवरही खास निर्बंध आहेत, म्हणून त्या घरीच ठेवाव्यात.

मधली राज्ये ओलांडायला १९८६ चा संघीय कायदा उपयोगी पडतो. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, अशा दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. अट एवढीच की बंदूक रिकामी असावी आणि ती व गोळ्या दोन्ही प्रवाशांच्या हाताशी येणार नाहीत अशा जागी असाव्यात. कायद्याच्या भाषेत हे ‘बाळगणे’ नव्हे, ‘वाहून नेणे’ आहे. म्हणून राज्याची हद्द जवळ आल्यावर रस्त्याकडेला थांबून पिस्तूल रिकामे करत बसण्यापेक्षा घरातच मॅगझिन काढावे, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे, पिस्तूल कुलुपाच्या टणक पेटीत ठेवावे, गोळ्या दुसऱ्या पेटीत भराव्यात आणि दोन्ही पेट्या डिकीत सामानाखाली ठेवाव्यात. एसयूव्हीला स्वतंत्र डिकी नसते. तिथे कुलूपबंद पेटी अनिवार्य आहे, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा कुलूप लावले तरी पेटी म्हणून चालत नाही.

मधल्या राज्यांत मुक्काम करू नये. पेट्रोल भरावे, जेवावे, पुढे निघावे. २००५ साली युटाहून निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला चुकले. चेक-इन केलेली बॅग, तीत कुलूपबंद पिस्तूल, त्याच्या हाती परत आली आणि ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळाच्या काउंटरवर त्याने नियमानुसार पिस्तुलाची माहिती दिली आणि तिथेच त्याला अटक झाली. हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून संघीय कायद्याचे संरक्षण त्याला लागू नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. दोष त्याचा नव्हता. तरी कायदा त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. तेव्हा विमान चुकले तर अशी बॅग ताब्यात घेऊच नये, आणि ती गळ्यात पडलीच तर विमानतळावरील पोलिसांशी बोलावे.

विमानाने जाताना पिस्तूल रिकामे, टणक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगूनच न्यावे. हातातल्या बॅगेत ते चुकूनही राहता कामा नये. २०२३ मध्ये विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या. ग्रेहाउंड या लांब पल्ल्याच्या बसमध्ये बंदूक नेताच येत नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिनात अंगावर शस्त्र असेल तर न विचारताही लगेच सांगावे लागते. परंतु प्रामाणिकपणा म्हणजे संरक्षण नव्हे. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेने न्यू जर्सीत पोलिसाला आपणहून पिस्तुलाविषयी सांगितले आणि तिला अटक झाली. पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

व्हरमाँटला पोहोचल्यावर पिस्तूल कमरेला लावता येते, पण तिथेही एक मेख आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत भरलेली बंदूक नेण्यास संघीय कायद्याची मनाई आहे. त्या राज्याने दिलेला परवाना असेल तर सूट मिळते, आणि व्हरमाँट असा परवाना देतच नाही. गावाच्या मुख्य रस्त्यालाच शाळा असेल तर तेवढ्या टप्प्यासाठी पिस्तूल रिकामे करून पुन्हा कुलपात ठेवावे लागेल. टपाल कार्यालयात आणि संघीय इमारतींत ते कोणत्याही राज्यात नेता येत नाही. परतीच्या दिवशी गाडीत सामान भरताना पिस्तूल आणि गोळ्यांच्या पेट्या पहिल्या ठेवाव्यात, म्हणजे बाकीच्या बॅगा आपोआप वर येतात.