जुन्या पाँटून बोटींपैकी कुटुंबासाठी कोणती निवडावी

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर घरच्यांसह फिरण्यासाठी दोन जुन्या पाँटून बोटी, म्हणजे लांब पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटी, पाहून ठेवल्या असतील, तर निवड इंजिनावरून किंवा गाद्यांवरून करू नये. ती खालच्या नळ्यांवरून करावी. ‘इंजिन चांगले म्हणजे बोट चांगली’ हा सल्ला बामणोलीच्या काठावर मी अनेकदा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. इंजिन बदलता येते. ॲल्युमिनियमचे नळेच बदलायची वेळ आली, तर जुनी बोट घेण्यात काही अर्थ उरत नाही.

नोंदणीची कागदपत्रे आणि धरणात बोट सोडण्याची जलसंपदा विभागाची लेखी परवानगी यांची खात्री झाल्याशिवाय इसार देऊ नये. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. गिअर ऑइल दुधाळ निघाले, तर त्यात पाणी शिरले आहे. वरच्या प्लायवूडवर अनवाणी चालावे, म्हणजे कुजलेली जागा पायाखाली दबते.

आता नळे. माझी पहिली बोट मी चकचकीत दिसते म्हणून घेतली होती. तिसऱ्या सहलीत तापोळ्याहून परतताना आत्यांच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली सारखी डावीकडे घरंगळू लागली, तेव्हा ती बाजू खाली गेल्याचे कळले. सगळ्यांना उजवीकडे बसवून हळूहळू काठ गाठला. वेल्डिंगमधल्या केसाएवढ्या चिरेतून मधल्या कप्प्यात पाणी भरले होते.

चांगल्या नळ्यात वेगवेगळे बंद कप्पे असतात, त्यामुळे एक गळला तरी बोट लगेच बुडत नाही. पण त्याच कारणाने गळती महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६ मीटर लांबीच्या नळ्यात सुमारे १,७०० लिटर पाणी मावते. त्याचे तीन कप्पे धरले, तर एका कप्प्यातले निम्मे पाणीही सुमारे २८० किलो भरते, म्हणजे चार मोठी माणसे न दिसता बोटीत बसलेली असतात.

म्हणून दोन्ही बोटी ट्रेलरसह उसाच्या वजनकाट्यावर न्याव्यात, रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा करावे आणि उत्पादकाने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. त्यानंतर बोट रिकामीच पाण्यात सोडून दोन्ही नळ्यांवर, पुढे आणि मागे, पाण्याच्या रेषेवर खुणा कराव्यात आणि निदान तीन तास थांबावे. विक्रेता घाई करू लागला, तर तेथूनच परतावे. शेवटी बोट बाहेर काढून प्रत्येक कप्प्यात, जेथे प्लग असेल तेथून, कमी दाबाचा मीटर लावून हातपंपाने हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. दाब २ पीएसआयच्या वर नेऊ नये. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर मुळीच ऐकू नये. त्या दाबाने धड जोडही उकलतो.

एका बोटीचे इंजिन जुने पण नळे कोरडे, आणि दुसरीचे इंजिन नवे पण नळ्यांना ठिगळे, असे असेल, तर मी विचार न करता पहिली घेतो. घेतल्यावर पहिली फेरी मुलांना न नेता, काठाजवळच मारावी आणि परतल्यावर पाण्याच्या रेषेवरच्या खुणा पुन्हा तपासाव्यात.